पुसलेली नावं : ठाण्यातल्या एका फुटबॉल क्लबचं प्रकरण

ऑगस्ट २०२१. करोनामुळे सराव कधी सुरू, कधी बंद असा चालला होता आणि क्लबचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर होत होतं. १५ तारखेला जर्मनीचा फुटबॉलपटू गर्ड म्युलर गेला. आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी दिवसभर त्याचे फोटो टाकले. म्युलर त्यांना माहीत होता, कारण बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या एका हंगामातला त्याचा ४० गोलांचा विक्रम लेवांडोव्स्कीने त्याच वर्षी मे महिन्यात ४१ गोल करून मोडला होता. त्याच्या दहा दिवस आधी, ५ ऑगस्टला, एस. एस. नारायण यांचं ठाण्यात निधन झालं होतं. १९५६ मेलबर्न आणि १९६० रोम अशा दोन ऑलिंपिकच्या भारतीय संघांतले गोलकीपर. १९५६ मध्ये तर आपला संघ चौथा आला होता. त्यांच्याबद्दल आमच्या ग्रुपवर एक ओळही आली नव्हती. मीही टाकली नव्हती.

"हे ठाण्यातच राहत होते?" दोनच महिन्यांपूर्वी क्लबच्या अध्यक्ष झालेल्या बाईंनी मला फोनवर विचारलं. मी हो म्हटलं. नारायण आमच्या क्लबचे नव्हते, पण बाईंचा पुढचा प्रश्न आमच्या घरातला होता. "आणि आपल्या क्लबमधून खेळून गेलेले आता कुठे राहतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

मी क्लबचा सहसचिव. नव्वदच्या दशकात नऊ हंगाम लेफ्ट बॅक खेळलेला. मला सात-आठ जणांचे पत्ते सांगता आले.

हे प्रकरण त्या प्रश्नापासून सुरू होतं. क्लबचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. काहींची दुखणी अजून ओली आहेत. बाकी घडलं तसं लिहितो आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी क्लबांच्या कपाटात नावं नसलेले फोटो पडून असतील, त्यांना याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

पार्श्वभूमी

१९६२ साली एमआयडीसी अस्तित्वात आली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. आमचा क्लब त्या कारखान्यांच्या कडेच्या चाळींतून उभा राहिला. शिफ्ट सुटली की मैदान, असा तो काळ. चांगलं खेळणाऱ्या पोराला समोर एक शिडी दिसायची. इथून जिल्हा, जिल्ह्यातून मुंबईची लीग, आणि तिथे टाटा, मफतलाल, एअर इंडिया, आरसीएफ, मध्य रेल्वे, महिंद्र यांच्यापैकी कुणाच्या नजरेत भरला तर नोकरी. रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या स्पर्धेचे सामने बघायला आम्ही लोकलने कूपरेजच्या मैदानावर जायचो, तेव्हा उद्या आपल्या गल्लीतला कुणीतरी त्या हिरवळीवर दिसेल, ही आशा खोटी नव्हती.

मग ती शिडी एकेक पायरी करत निखळली. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स कप नव्या शतकाच्या तोंडावर थांबला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. कारखाने गेले, टॉवर आले, टॉवरच्या पायथ्याशी तासाच्या भाड्याचे टर्फ आले. पूर्वी कंपनीत लागलेला दादा रविवारी मैदानावर यायचा, एखाद्या पोराला बूट द्यायचा, ट्रायलची तारीख सांगायचा. कंपनीची टीमच नाही म्हटल्यावर त्याचं येणं थांबलं. या ओढाताणीचा दोष कुठल्याही क्लबवर टाकता येणार नाही.

पण आमची माणसं तुटली ती निव्वळ काळामुळे नाही.

क्लबच्या खोलीत कर्णधारांच्या नावांचा एक लाकडी फलक आहे. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं, वर्षवार. निवडीवरून एकदा मोठं भांडण झालं, अर्धा संघ उठून दुसऱ्या क्लबात गेला. तेव्हाच्या समितीने त्या गटातल्या तीन कर्णधारांच्या ओळींवर हिरवा रंग फासला. सकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं की रंगाखालच्या अक्षरांचा उठाव अजून दिसायचा. आम्ही सगळ्यांनी तो वर्षानुवर्षं पाहिला आणि त्याच्याखाली चहा प्यायलो.

बाईंनी खोलीत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "या तीन वर्षी क्लबला कॅप्टन नव्हता का?"

आधी काय करून पाहिलं होतं

करोनाच्या आधी आम्ही एकदा माजी खेळाडूंचा सत्कार ठेवला होता. आयोजन माझंच. मंडप, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, सगळं होतं. मंचावर पाहुण्यांची भाषणं लांबली, खेळाडू तिसऱ्या रांगेत बसून राहिले, नावं पुकारताना दोघांची आडनावं चुकली. शेवटी मैदानाच्या दुरुस्तीसाठी वर्गणीचा कागद फिरवला. आमचा एके काळचा सेंटर हाफ, ज्याच्या हेडरवर आम्ही दोन फायनल जिंकल्या, तो शाल खुर्चीवर ठेवून चहाच्या आधीच निघून गेला. पुढच्या वर्षी बोलावलं तर बहुतेकांनी फोनच उचलला नाही. समितीत आम्ही निष्कर्ष काढला की जुन्या लोकांना आता क्लबचं काही पडलेलं नाही.

तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो काढताना आम्ही एकालाही विचारलं नव्हतं.

बाईंची पद्धत

बाई महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. त्यांचा मुलगा आमच्याकडे ज्युनियर खेळायचा, त्या डब्याच्या पिशव्या घेऊन मैदानाच्या कडेला बसायच्या, तेवढाच संबंध. दोन गटांना एकमेकांचा माणूस अध्यक्ष म्हणून नको होता, म्हणून त्यांचं नाव पुढे आलं. कुठल्याही जुन्या भांडणात त्यांची बाजू नव्हती, ही त्यांची सगळ्यात मोठी ताकद ठरली. फुटबॉलच्या क्लबला फुटबॉलपटूच अध्यक्ष हवा, असं मीही आधी मानत होतो. या कामापुरतं तरी माझं मत बदललं आहे.

शिक्षक माणूस, त्यामुळे सुरुवात हजेरीपटापासून. दोनशे पानी वही घेतली. जुन्या स्पर्धांच्या प्रवेश अर्जांच्या कार्बन कॉपी कपाटात होत्या, त्यांतून नावं उतरवली. नावापुढे जागा: कीपर, बॅक, हाफ, फॉरवर्ड. त्यापुढे शेवटचा हंगाम. शेवटचा रकाना होता, "का थांबले?" तो रकाना पाहून आमचे खजिनदार अस्वस्थ झाले. "बाई, हे विचारायचं म्हणजे राख उकरणं." बाई म्हणाल्या, "राख असती तर तुम्हाला चटका बसला नसता."

मग भेटी. नियम त्यांनी घालून दिले आणि ते कुणालाही मोडू दिले नाहीत. फोनवर आमंत्रण द्यायचं नाही, घरी जायचं. एक जुना आणि एक आत्ताचा ज्युनियर खेळाडू, अशी जोडी करायची, आणि वही पोराच्या हातात द्यायची. हार-तुरे न्यायचे नाहीत. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढायचा नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. सोबत फक्त एक जुना ग्रुप फोटो, मोठा करून घेतलेला, आणि प्रश्न एकच: "यात कोण कोण आहे, सांगाल का?"

त्या फोटोने जे केलं ते शंभर आमंत्रणपत्रिकांनी केलं नसतं. दिवा भागात रिक्षा चालवणारा आमचा राइट विंग दारातच उभा राहून "वेळ नाही" म्हणत होता. फोटो हातात घेतला, चष्मा शोधला, खाली बसला आणि मागच्या रांगेतल्या प्रत्येकाचं टोपणनाव सांगत सुटला. टीएमटीच्या बसवर कंडक्टर असलेल्या एकाने तर फोटोत नसलेल्यांचीही नावं दिली. एका घरी फोटोतला माणूस तीन वर्षांपूर्वी वारला होता. क्लबला कळलंही नव्हतं. त्याच्या बायकोने त्याचे बूट काढून दाखवले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. पोराने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि मग बराच वेळ काही लिहिलं नाही.

रविवारमागून रविवार असे गेले. टिटवाळा, बदलापूर, विरार, ऐरोली. घरांच्या किमतींनी ठाण्यातला फुटबॉल किती लांब नेऊन टाकलाय, ते त्या वहीतल्या पत्त्यांवरून मला पहिल्यांदा नीट कळलं.

कळव्यातलं घर

एका घरी जायला मी टाळत होतो. १९९७ च्या पावसाळ्यात, चिखलातल्या एका स्पर्धेत, आमच्या लेफ्ट विंगचा गुडघा गेला. लिगामेंट तुटलं होतं. महिन्याभराने त्याची एका कंपनीत ट्रायल होती, तिथे त्याचं नाव जवळपास नक्की होतं. ऑपरेशनचा खर्च क्लबने दिला नाही, तेवढे पैसे नव्हते हेही खरं. पण त्याच्या घरीही कुणी गेलं नाही. डाव्या बाजूला तो माझ्या पुढे खेळायचा, चार हंगाम. मी शेजारच्या चाळीत राहत होतो. मीही गेलो नाही. रिकाम्या हाताने काय जायचं, असं मनाशी म्हणत राहिलो आणि मग इतके दिवस झाले की जायला तोंड उरलं नाही.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तिथे मीच येते तुमच्याबरोबर."

त्याने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "काय रे, मैदान गेलं का? सही पाहिजे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला आलोय. चोवीस वर्षं उशीर झालाय. क्लबचं चुकलं. मी आज अध्यक्ष आहे, म्हणून क्लबच्या वतीने माफी मागते."

तो काही बोलला नाही. वहिनींनी पंखा लावला, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने त्याने लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि वण दाखवला. मला नाही, आमच्याबरोबर आलेल्या पोराला. म्हणाला, "हे नंतर केलं, पैसे जमवून. तोपर्यंत उशीर झाला होता. तू वॉर्म-अप करतोस का नीट?" पुढचा पाऊण तास तो त्या पोराशीच बोलला. पाय कसा टाकायचा, चिखलात वळताना स्टड अडकतो तेव्हा काय होतं, दुखत असताना इंजेक्शन घेऊन खेळायचं नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. निघताना मी "येतो रे" म्हटलं. त्याने मान हलवली.

समितीतला विरोध

माफीची बातमी समितीत पोहोचली आणि वादळ उठलं. अध्यक्षाने माफी मागायची म्हणजे आधीच्या सगळ्यांनी गुन्हा केला असं ठरतं, असं दोघा ज्येष्ठांचं म्हणणं. त्यांचं दुखणंही मला समजत होतं. त्यांनी खिशातून पैसे घालून क्लब चालवला होता. बाईंनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. त्यांच्याही घरी त्या वही घेऊन गेल्या आणि "का टिकलात?" असा रकाना त्यांच्यासाठी आखला. एक जण विरघळले. दुसरे सहा-सात महिने सभेला आले नाहीत.

या सगळ्यात म्युलर पुन्हा आला, तो एका पोरामुळे. त्याने मोबाइलवर वाचलेलं सभेत सांगितलं. १९७४ च्या विश्वचषकाचा विजयी गोल मारणारा हा माणूस १९७९ मध्ये बायर्न म्युनिकमधून रागावून गेला, कारण प्रशिक्षकाने त्याला सामन्यातून बाहेर बोलावलं होतं. अमेरिकेत काही वर्षं काढून परतला तेव्हा दारूने त्याला पुरतं घेरलं होतं. क्लब चालवणारा उली हेनेस त्याचा जुना सहकारी. हेनेस आणि त्यांच्या संघाचा जुना कर्णधार बेकेनबाउअर यांनी १९९१ मध्ये म्युलरला उपचारांना नेलं. बरा झाल्यावर क्लबने त्याला तरुण संघांच्या प्रशिक्षणात काम दिलं आणि ते त्याने वर्षानुवर्षं केलं. बाईंनी त्या पोराला मधेच थांबवलं. "काम दिलं ना? नुसती शाल नाही दिली." आमच्या प्रकरणाला वळण मिळालं ते इथे, असं मी मानतो.

कारण घरोघरी जाऊन आलेल्या उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा होतं. कुणाला मान नको होता. "मला काहीतरी करायला द्या," असं सरळ कुणी म्हणालं नाही, पण मागच्या रांगेतल्या कीपरने विचारलं, "पोरांना डाइव्ह कोण शिकवतं आता?" आणि सेंटर हाफने विचारलं, "कॉर्नरला मार्किंग असं सैल का असतं तुमचं?" म्हणजे ते आमचे सामने पाहत होते. कुंपणाबाहेरून.

तेव्हा कामं वाटली. कीपर काका शनिवारी सकाळी दोन तास. सेंटर हाफ आणि राइट विंग ट्रायलच्या दिवशी निवडीला बसणार, आणि त्यांचं मत कागदावर नोंदवलं जाणार. चाळिशीतल्या एकाला प्रशिक्षक व्हायचं होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सच्या कोर्सची फी क्लबने भरली. आणि एक नियम इतिवृत्तात लिहिला: खेळाडू जखमी झाला तर ४८ तासांच्या आत समितीतला एक आणि एक जुना खेळाडू त्याच्या घरी जाईल. हातात पैसे असोत वा नसोत.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी बाहेरून दिसत नाही आणि म्हणून इतर क्लब विसरतात. आमच्यासारखे क्लब नोंदणीकृत संस्था असतात. मताचा अधिकार वर्गणीदार सभासदाला. खेळून गेलेली चाळीतली पोरं कधी सभासदच नव्हती, त्यामुळे क्लब त्यांचा आहे असं कितीही म्हटलं तरी कागदावर तो त्यांचा नव्हता. बाईंनी क्लबच्या घटनेत बदल मांडला: माजी खेळाडूंना नाममात्र वर्गणीत सभासदत्व आणि समितीत एक जागा. सर्वसाधारण सभेत ठराव झाला. समितीत माणूस बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तोही त्यांनी वेळेत दिला. उद्या बाई नसल्या तरी ती जागा कुणाला सहज काढून घेता येणार नाही.

सगळंच जमलं असं नाही. जुन्या खेळाडूंचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तो राजकारणाच्या फॉरवर्डने आणि दोन जुन्या भांडणांनी महिन्यात फुटला. बाईंनी तो बंद केला आणि पुन्हा फोन आणि वही. दुसऱ्या क्लबात गेलेल्यांपैकी चौघांनी दार उघडलं नाही.

मुली

वही भरत आल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "आपल्याकडे मुलींची टीम होती ना दोन वर्षं? त्यांचं पान कुठाय?" पान नव्हतं. फोटोही नव्हता. त्या मुलींना शोधायला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण लग्नानंतर आडनावं बदलली होती आणि आमच्याकडे पहिली नावंसुद्धा धड नव्हती. अखेर सहा जणी सापडल्या.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल होती, स्पेन आणि कोलंबिया. बाईंनी आत्ताच्या मुली आणि त्या सहापैकी चौघींना घेऊन ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. मीही होतो. चौघींपैकी एक आता नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती, बरोबर दहा वर्षांची मुलगी. गाडीत आत्ताच्या मुलींनी तिला विचारलं, "ताई, तुम्ही कुठे खेळायच्या?" "स्टॉपर," ती म्हणाली, आणि लेकीने आईकडे असं पाहिलं की हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या स्वयंगोलावर स्पेन जिंकलं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा आमची स्टॉपर मात्र बसून होती. म्हणाली, "ज्या मुलीकडून गेला तिच्याजवळ कोणीतरी जा रे."

आता ती महिन्यातून दोनदा मैदानावर येते. मुलगी खेळते.

फलक

पुसलेली तीन नावं परत लिहायचा ठराव आला तेव्हा नवा, चकचकीत फलक करू या अशी सूचना आली. बाईंनी ऐकलं नाही. तोच फलक, त्याच ओळी. पेंटरला जुना पिवळा रंग जुळवायला सांगितला, तरी नवी अक्षरं थोडी ठळक दिसतात. समारंभ केला नाही. तिघांच्या घरी फक्त निरोप दिला. एक जण परगावी असतो. दुसरा कुटुंबासह येऊन फोटो काढून गेला. तिसरा एका मंगळवारी दुपारी आला, खोलीत कुणी नसताना. किल्ली असलेल्या पोराने दार उघडून दिलं. तो पोरगा सांगतो, काका आले, बघितलं, बोट फिरवलं आणि खालच्या वर्षाच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय म्हणून सांगून गेले.

पैसे नंतर आले, न मागता, आणि तेवढ्यावर जखमी खेळाडूंसाठीचा छोटा निधी उभा राहिला. मला त्याहून मोठी वाटते ती काळजी ही, की हे सगळं अजून एका निवृत्त बाईंच्या रविवारांवर उभं आहे. त्यांच्याइतका वेळ आणि धीर पुढच्या अध्यक्षाकडे असेलच असं नाही. वही आता दोन पोरं सांभाळतात, बाईंनी मुद्दाम त्यांच्याकडे दिली आहे.

कळव्याचा माझा लेफ्ट विंग अजून मैदानावर आलेला नाही. बाई त्याला बोलावत नाहीत, मलाही बोलावू देत नाहीत. यंदाच्या पावसाळी स्पर्धेत आमच्या एका पोराचा गुडघा मुरगळला. त्या रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. नंबर त्याचा. "कोण रे ते, राबोडीचं पोरगं? एमआरआय सांगितलाय का? तोपर्यंत त्याला जिने चढू देऊ नका. आणि पत्ता पाठव, उद्या सकाळी मी जातोय. तू येणार असशील तर सात वाजता कळवा स्टेशनला ये."

मी पावणेसातला पोहोचलो.